कावळे किती होते? नागपूरच्या कॅमेरेवाल्या पक्षीमित्रांना खुलं पत्र

प्रिय पोरापोरींनो,

रविवारी सकाळी अंबाझरी तलावाच्या बांधावर, गोरेवाड्याला किंवा सायकीच्या वाटेवर तुम्ही मला पाहिलेलं असतं. पांढरी टोपी, गळ्यात जुनी दुर्बीण, हातात वही. खांद्याला कॅमेरा नाही म्हणून तुमच्यातले नवे लोक मला मॉर्निंग वॉकवाली समजतात. काकू म्हणता, ते मला चालतं. पण "काकू, आज काही विशेष?" असं विचारता तेव्हा माझी पंचाईत होते. त्या दिवशी माझ्या वहीत वारकरी, टिबुकल्या, पाणकावळे, टिटव्या, शेकाटे, धोबी आणि एखादा खंड्या असतो. यादी ऐकता ऐकता तुमचा चेहरा पडतो. तुम्हाला लायफर हवा असतो, आयुष्यात पहिल्यांदा दिसणारा पक्षी. तो मिळाला की फोटो, फोटो झाला की गाडीला किक, आणि नऊच्या आत तर्री पोहे. पोह्यांबद्दल माझी काही तक्रार नाही.

तुमच्यावर रागावून लिहीत नाहीये, हे आधीच सांगते. मला तुमच्याकडून एक काम करून हवं आहे. ते काम काय, हे कळायला मात्र थोडं मागे जावं लागेल. म्हातारी माणसं मुद्द्यावर उशिरा येतात, तेवढं सांभाळून घ्या.

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. ट्रंक कॉल लावून द्यायचे. ड्यूटी बहुधा दुपारची, त्यामुळे सकाळ माझी. १९८० च्या दशकाची सुरुवात असेल. धरमपेठेतून लुनावर निघालं की थोड्याच वेळात अंबाझरी. तिथे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर भेटायचे. सायकलच्या हँडलला कापडी पिशवी, पिशवीत दोनशे पानी वही आणि एक दुर्बीण. दुर्बिणीच्या डाव्या भिंगाला बुरशी चढलेली, म्हणून मास्तर डावा डोळा मिटूनच पाहायचे. नंतर नंतर तर दुर्बीण नसतानाही त्यांचा डावा डोळा मिटलेला असायचा.

एकदा मी त्यांना धापा टाकत सांगितलं, की सेमिनरी हिल्सवर मला स्वर्गीय नर्तक दिसला. पांढराशुभ्र नर, लांब शेपटीच्या दोन फिती झुलत होत्या, बांबूच्या बेटातून ओढ्यावर उतरला, पाण्याला नुसता स्पर्श केला आणि परत वर. मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "छान. कावळे किती होते?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. तशी त्यांना थट्टेची सवय नव्हती. त्यांचा नियम साधा होता. बांध तोच, वेळ तीच, दिसेल तो प्रत्येक पक्षी मोजायचा. मोजून होईपर्यंत बोलायचं नाही. आणि नेहमीचा पक्षी दिसला नाही तर त्याच्या नावापुढे आडवी रेघ मारायची, जागा कोरी सोडायची नाही. "कोऱ्या जागेचा अर्थ मोजला नाही असाही होतो," म्हणायचे. मला हा प्रकार कारकुनी वाटायचा. पण मीही दिवसभर ट्रंक कॉलची तिकिटं भरणारी बाई, कारकुनीला घाबरणार थोडीच. मीही वही घेतली.

त्यांच्या वह्यांत गिधाडं आहेत. हे वाक्य पुन्हा वाचा. नागपूरच्या माणसाच्या रविवारच्या वहीत, साळुंक्या आणि कबुतरांच्या ओळीत, गिधाडं आहेत. शहराबाहेर मेलेली जनावरं टाकायची एक जागा होती. तिकडून जाताना मास्तर सायकल उभी करायचे, नाकाला रुमाल लावायचे आणि मोजत बसायचे. गाईचा सांगाडा गिधाडांनी इतका झाकलेला असायचा की खाली काय आहे ते दिसायचं नाही. नुसत्या हलणाऱ्या पाठी, फिस्कारणं, पंखांची झटापट. पोट भरलेली बाजूच्या बाभळींवर पंख सैल सोडून बसलेली, त्यांना उडायचीही इच्छा नसायची. मी लांब वाऱ्याच्या उलट बाजूला उभी राहून घाई करायचे. मास्तरांचं मोजून झाल्याशिवाय सायकल हलायची नाही.

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून त्या ओळीतले आकडे उतरू लागतात. मग तुरळक होतात. मग रेघ. त्यानंतर पानोपानी रेघ, आणि रेघ मारायचं मास्तरांनी कधी सोडलं नाही.

गिधाडं कशानं गेली, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. आम्हाला तेव्हा कोणालाच कळत नव्हतं. कोणी म्हणे रोग, कोणी म्हणे उपासमार. २००४ मध्ये उत्तर सापडलं, की गुराढोरांना दुखण्यावर टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांचे मूत्रपिंड बंद पडतात. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात शंभरातलं एकही उरलं नाही, इतकी घटली होती. २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून पांढऱ्या पाठीची दहा गिधाडं ताडोबात आणि लांब चोचीची दहा पेंचमध्ये आणली, तेव्हा तुमच्यातले बरेच जण फोटो काढायला जायचं म्हणत होते. ज्या पक्ष्याला आम्ही नाक दाबून ओलांडायचो, तो मोटारीत बसवून परत आणावा लागला.

आता तुम्ही म्हणाल, काकू, तो काळ वेगळा. बरं, मग नीलकंठाचं बघा. दसऱ्याला नीलकंठाचं दर्शन शुभ, हे आपल्याकडे घराघरात मानतात. माझे वडील आम्हा भावंडांना सोनं लुटायच्या आधी काटोल रोडवर घेऊन जायचे. तारेवर नीलकंठ बसलेला असायचाच, शोधायला लागायचा नाही. बसलेला असताना मातकट, अंगाला कसलीच शोभा नाही. उडाला की पंखांत दोन निळे एकदम उघडतात, एक गडद आणि एक फिका, आणि वडील हात जोडायचे. पुढे शहरात काही जण पिंजऱ्यात नीलकंठ घालून दारोदार दर्शनाचे पैसे मागू लागले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि तशा दर्शनात पुण्य कसलं, ते मला कधी कळलं नाही.

देशभरातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल २०२३ मध्ये आला. ९४२ जातींचा विचार त्यात झाला, त्यातल्या १७८ जातींकडे तातडीनं लक्ष द्यायला हवं असं म्हटलं गेलं. आणि ज्या १४ जाती तीस टक्के किंवा त्याहून जास्त घटल्या म्हणून त्यांचा धोका नव्यानं तपासा अशी शिफारस झाली, त्यांत आपला नीलकंठ आहे. तारेवरचा. हे कोणाला कळलं आणि कसं? तीस हजारांहून जास्त हौशी लोकांनी नोंदवलेल्या तीन कोटींच्या आसपास नोंदींवरून. कोणी बँकेतला, कोणी शाळेतली, कोणी रिटायर. त्यांच्यातल्या ज्यांनी "नीलकंठ काय, रोजचाच आहे" म्हणून लिहिलं नाही, त्यांच्या नोंदी तिथे नाहीत.

माझ्या आठवणींबद्दल तुमच्यापैकी एका मुलीनं विचारलं होतं. सगळ्यात आवडता पक्षी कोणता, म्हणाली. मी तेव्हा टाळलं. आता सांगते, सिव्हिल लाइन्सचा धनेश. राखी धनेश, काही मोठा मान नाही त्याला. तुमच्यासाठी तर तो घराच्या गच्चीवरून दिसणारा पक्षी. पण मी एक आख्खा उन्हाळा त्याच्या एका घरट्यापुढे काढला आहे. रस्त्याच्या पलीकडे बस थांब्याची सावली होती, ड्यूटीवर जाण्याआधी तिथे थांबायचे. समोर जुन्या झाडाच्या खोडात ढोली. मादी आत गेली आणि तिने विष्ठा आणि मातीनं तोंड लिंपून घेतलं. नर चिखलाचे गोळे आणून द्यायचा. शेवटी उभी फट तेवढी उरली, चोच बाहेर येईल एवढी. आत बसून मादी आपली पिसंही झडू देते, म्हणजे उडून जायची वाटच बंद. नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर, आणि ती लाकडात कोंडलेली.

नर यायचा तो रिकाम्या चोचीनं. मला आधी वाटलं, आज मिळालं नाही बिचाऱ्याला. मग तो खोडाला बिलगून मान मागे झटकायचा, गळ्यातून काहीतरी वर सरकताना दिसायचं, आणि चोचीच्या टोकाशी एक लाल उंबर यायचं. फटीतून दुसरी चोच पुढे यायची, उंबर आत. पुन्हा झटका, पुन्हा उंबर. मग वडाची फळं. एकदा पालीचं पिल्लू आलं. सगळं खाणं गळ्यात भरून आणलेलं, आणि एकेक मोजून दिल्यासारखं दिलं जायचं. दोन-अडीच महिने हे चालतं. मधे नराला काही झालं तर आतलं सगळं कुटुंब उपाशी मरतं, म्हणून एखाद्या दिवशी त्याला यायला उशीर झाला की मला ड्यूटीला उशीर व्हायचा. सुपरवायझर बाईंना मी कारण सांगितलं होतं. त्यांनी रजिस्टरमध्ये "घरगुती अडचण" लिहिलं.

दोनेक वर्षांपूर्वी त्याच भागात धनेशाचं दुसरं एक घरटं सापडलं आणि एका ग्रुपवर त्याची जागा फिरली. सकाळी गेले तर झाडाखाली जत्रा. ट्रायपॉड, स्टुलं, कोणी गाडीच्या बॉनेटवर. नर समोरच्या गुलमोहरावर येऊन बसला होता, गळा फुगलेला, म्हणजे खाणं घेऊन आलेला. बसूनच राहिला. खालचे लोक त्याची वाट बघताहेत, आणि तो खालचे लोक जाण्याची. कोणाच्या लक्षात येईना. शेवटी तुमच्यातलाच एक मुलगा, कॉलेजात असेल, उठला आणि सगळ्यांना हात जोडून रस्त्याच्या पलीकडे घेऊन आला. कुरकुर झाली, लांबून फोटो चांगला येत नाही वगैरे. पण नर पाचएक मिनिटांत घरट्यावर उतरला. त्या मुलाचं नाव मी विचारलं नाही. हे पत्र तो वाचत असेल तर त्याला सांगायचं आहे, की बस थांब्याची ती सावली आता तुझी.

हो, आणि ब्लूटूथ स्पीकरवर नवरंगाचा आवाज लावणं बंद करा. पावसाच्या तोंडावर नवरंग आपल्याकडच्या जंगलात येतो तो घरटं बांधायला. तुमच्या स्पीकरमधला आवाज त्याला दुसऱ्या नराचं आव्हान वाटतं. पानाखालचे किडे शोधायचे सोडून तो छाती काढून तुमच्यापुढे येतो, आणि तुम्हाला वाटतं पोज दिली. तुम्ही स्पीकर झुडपात लपवला तरी मला कळतो. जन्मभर कानाला हेडफोन लावून काम केलंय. खरा नवरंग प्रत्येक शिळेला जरा वेगळा असतो, तुमचा दर वेळी तीच खरखर घेऊन सुरू होतो.

दुर्मीळ पक्ष्यांशी माझं वैर आहे असं समजू नका. रानपिंगळ्यासाठी मीही मेळघाट गाठलं होतं. १८८४ नंतर जो पक्षी कोणाला खात्रीनं मिळाला नव्हता, तो १९९७ च्या नोव्हेंबरात अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रॅसमुसेन आणि त्यांच्या दोन सोबत्यांना शहाद्याजवळ दिसला, आणि मग मेळघाटातही असल्याचं कळलं. सागाच्या वाळक्या फांदीवर भर उन्हात बसलेला एवढासा पिंगळा, शेपटी डावी-उजवीकडे हलवत. रात्रीची वाट न पाहणारं घुबड! मी दुर्बीण खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहिला.

पण त्याच्या गोष्टीतला मला जास्त लक्षात राहिलेला माणूस वेगळाच आहे. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नावाच्या इंग्रज कर्नलानं सांगितलं होतं, की १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ आपण रानपिंगळा मारला. नमुनाही संग्रहालयात होता. पुढे उघड झालं, की तो नमुना त्यानं दुसऱ्याच्या जुन्या संग्रहातून चोरून, खोटी चिठ्ठी लावून ठेवला होता. खोटी तारीख, खोटी जागा. त्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून लोक भलत्याच ठिकाणी रानपिंगळा शोधत राहिले. तेव्हा मंगळूरला काढलेल्या फोटोखाली पारडगाव लिहू नका, आणि गेल्या वर्षीचा फोटो यंदाचा म्हणून टाकू नका. घरट्याची जागा सांगायची नसेल तर नुसता जिल्हा लिहा. लपवलेलं चालतं, खोटं चालत नाही.

सारसांच्या बाबतीत तर आकड्यांनीच लढाई चालली आहे. गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत भर पावसात माणसाएवढ्या उंच सारसाची जोडी पंख पसरून नाचताना मी पाहिली आहे, आणि बांधावरच्या शेतकऱ्यानं घरट्याभोवतीचं धान न कापता ठेवलेलंही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सारस वाचवण्याचा विषय स्वतःहून हाती घेतला. तिथे "पूर्वी खूप होते हो" असं सांगून भागत नाही. किती होते, कधी, कोणत्या तळ्यावर, हे लागतं. त्याच वर्षी अजनीतली झाडं वाचवायला तुमच्यासारखीच पोरं रस्त्यावर उतरली होती. अशा प्रत्येक वेळी समोरचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, की इथे आहेत तरी कोणते पक्षी. आणि आपण फोनमधला एक सुंदर फोटो दाखवतो.

एक गोष्ट मधेच आठवली म्हणून सांगते. उमरेडकडच्या एका तळ्यावर एक म्हातारा ढीवर भेटायचा. राजहंस, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब, तिथे हिवाळ्यात उतरतात. लडाख, तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून. मी त्याला मोठ्या उत्साहानं हिमालय वगैरे सांगितलं. तो जाळं झटकत म्हणाला, "हौ बाई. दिवाळी झाली का येते, अन् होळीच्या पयले जाते. मागच्या साली जरा उशिरा आलते, पाणी लय होतं तळ्यात, काठ दिसेच ना." मला तोवर पाण्याच्या पातळीचं सुचलं नव्हतं. काठ उघडा पडल्याशिवाय चरायला कोवळं गवत कुठून येणार? त्या दिवसापासून माझ्या वहीत पाण्याचा रकाना आला.

५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. चितमपल्लींनी वनखात्यातून निवृत्त झाल्यावर कितीतरी वर्षं आपल्या नागपुरात काढली. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. जंगलातल्या माणसांकडून ऐकलेलं लिहून ठेवायची त्यांची सवय तुम्हाला ठाऊक आहे. यंदाच्या सप्ताहात तुम्ही भाषणं आणि फोटोंची प्रदर्शनं करालच, करा. त्यासोबत माझं काम घ्या.

मास्तरांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलानं वह्या रद्दीत घातल्या नाहीत, माझ्याकडे आणून दिल्या. लोखंडी ट्रंक भरून आहेत, माझ्या त्यात मिळवल्या तर दोन. कागद पिवळा पडलाय, काही पानांची शाई उडत चालली आहे आणि एका वहीला वाळवी लागून गेली. हे सगळं संगणकावर चढवायला हवं: तारीख, जागा, वेळ, पक्षी, आकडा, आणि रेघा. रेघा विसरू नका, त्यांचं शून्य करून लिहायचं. मला टाइप करता येतं पण डोळे साथ देत नाहीत, आणि मास्तरांचं अक्षर फक्त मलाच लागतं. मी वाचीन, तुम्ही लिहा. ते "शे." लिहितात ते शेकाट्या, "शें." लिहितात ते शेंडी बदक, यावरून आमची भांडणं व्हायची.

चार-पाच जण पुरेत. घर तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. दुपारी चारनंतर या, मंगळवारी नको, मंगळवारी माझी फिजिओथेरपी असते. वह्या घराबाहेर जाणार नाहीत आणि फोटो काढून घरी बसून लिहितो असं म्हणणाऱ्यांनी येऊ नये. लॅपटॉप तुमचा, चहा-चिवडा माझा. गिधाडांच्या वह्या वर काढून ठेवल्या आहेत, त्यांपासून सुरुवात करू.

तुमची,
अंबाझरीवरच्या काकू